खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला विमानानं गावाकडे आणायचं तर

गावाकडे आजकाल हे लय कॉमन झालंय. पोरं पुण्याला, हैदराबादला, बंगलोरला, म्हातारी माणसं चार दिवस त्यांच्याकडे राहायला जातात, तिथं बाथरूमच्या टाइल्सवर पाय सटकतो, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं, आणि टाके निघायच्या आधीच पेशंटचा एकच धोशा, "मले घरी नेऊन द्या." मग घरच्यांची धावपळ, ट्रेननं न्यावं का, गाडी करावी का, विमानात बसू तरी देतील का. आमच्या सासूबाईंना आम्ही पुण्याहून नागपूरला विमानानं आणि तिथून गाडीनं यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे आणलं, तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतले फोन येऊन राहिले की ताई कसं केलं, तिकीट कोणतं काढलं, व्हीलचेअरचे पैसे किती लागले. म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं. ज्यांनी विमान फक्त आभाळात पाहिलंय त्यांच्यासाठी लिहून राहिली, ज्यांना माहीत आहे त्यांनी तेवढं सोडून पुढं वाचा.

आधी एक सांगते. विमानातला दीड तास हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. पेशंटचे हाल होतात ते मधल्या जागांवर, म्हणजे पलंगावरून गाडीत, गाडीतून व्हीलचेअरवर, व्हीलचेअरवरून सीटवर, परत सीटवरून व्हीलचेअरवर, आणि शेवटी आपल्याच घराच्या पायरीवर. लोक तिकिटाचीच काळजी करत बसतात आणि या उठबशीची तयारी कोणीच करत नाही.

डॉक्टर आधी, तिकीट मग

पोरगं घाईघाईत स्वस्त तिकीट काढून ठेवतं आणि मग डॉक्टर म्हणतात अजून नाही. हे उलटं करा. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनलाच विचारा, फॅमिली डॉक्टरला किंवा मेडिकलवाल्याला नाही. कारण "हिपचं ऑपरेशन" म्हणजे एकच ऑपरेशन नसतं. कोणाचा पूर्ण सांधा बदलतात, कोणाचा फक्त वरचा गोळा बदलतात (बायपोलर म्हणतात त्याला), कोणाच्या हाडात रॉड किंवा प्लेट-स्क्रू घालतात. सांधा बदलला असेल तर तो निखळायची भीती असते म्हणून वाकण्या-बसण्याचे नियम कडक, रॉड टाकला असेल तर पायावर किती वजन द्यायचं हा प्रश्न मोठा. सांध्याच्या ऑपरेशनमध्येही चिरा मागून दिला का पुढून, त्यावर नियम बदलतात. शेजारच्या काकू पंधरा दिवसांत आल्या म्हणून आपणही येऊ असं नसतं.

डॉक्टरसाहेबांना विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून न्या, नाहीतर ओपीडीत गेल्यावर निम्म्या विसरतात. विमानानं कधीपासून जाता येईल, आणि विमान दीड तासाचं असलं तरी पुढं चार तास गाडी आहे हे त्यांना स्पष्ट सांगा, कारण शहरातल्या डॉक्टरला वाटतं नागपूरला उतरलं म्हणजे पोचले घरी. पायावर वजन द्यायचं का, किती. पायऱ्या चढता येतात का. रक्त पातळ करायचं औषध किंवा इंजेक्शन कधीपर्यंत आणि प्रवासाच्या दिवशी कोणत्या वेळी. पाय आवळून धरणारे लांब मोजे घालायचे का. हिमोग्लोबिन किती आहे. ऑपरेशनमध्ये रक्त जातं, आणि आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी, ते फार उतरलं असेल तर विमानात दम लागू शकतो. कारण विमानाच्या आतली हवा जमिनीसारखी नसते, सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तेवढी विरळ असते. धडधाकट माणसाला कळतही नाही.

इथं विदर्भातल्या लोकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. आपल्याकडे सिकलसेल (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) आहे, गडचिरोली-चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत, आणि सिकलसेलमध्ये खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद होऊन तो झिजतो, त्यामुळे पंचविशी-तिशीतल्या पोरांचेही खुबे बदलावे लागतात. असा पेशंट असेल तर विरळ हवा आणि अंगात पाणी कमी होणं हे दोन्ही त्याला बाधतं, दुखण्याचा अटॅक येऊ शकतो. एअरलाइनच्या फॉर्ममध्ये सिकलसेल लपवू नका आणि सिकलसेल पाहणाऱ्या डॉक्टरलाही वेगळं विचारा, नुसत्या हाडाच्या डॉक्टरवर सोडू नका.

आता रक्ताच्या गुठळीची गोष्ट. खुब्याच्या ऑपरेशननंतर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायची भीती काही आठवडे राहते, म्हणूनच सांधा बदलल्यावर साधारण ३५ दिवसांपर्यंत रक्त पातळ करायचं औषध देतात. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जाऊ शकतो. एका जागी पाय लटकवून तासन्‌तास बसलं की धोका वाढतो, मग ते विमान असो की गाडी. म्हणून म्हणते, दीड तासाच्या फ्लाइटपेक्षा पुढच्या चार तासांच्या गाडीची काळजी जास्त करा. इंजेक्शन महाग आहे म्हणून मधेच बंद करणारी मंडळी आपल्याकडे आहेत, ते तर करूच नका.

ट्रेन, गाडी की विमान

खरं सांगू तर विमान काही प्रत्येकालाच लागत नाही. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल कॉलेज, असल्या जवळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं असेल तर गाडीच बरी. पण पुण्याहून गाडीनं म्हणजे दहा-बारा तास, पाय दुमडून. ट्रेनमध्ये लोअर बर्थवर झोपता येतं हे खरं, पण संडासाला जायचं म्हणजे हलत्या डब्यात वॉकर घेऊन जायचं, आणि वर्धा-बडनेऱ्याला गाडी थांबते किती वेळ, तेवढ्यात वॉकरवाल्या माणसाला उतरवायचं म्हणजे सगळ्यांच्या जिवाला घोर. ज्याच्या घरात चार दणकट पोरं आहेत त्यांनी विचार करावा.

विमानाला पर्याय दोन. एक नागपूर, सोनेगावचं एअरपोर्ट. ते वर्धा रोडवरच आहे त्यामुळे वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडच्यांना शहरात शिरायची गरजच नाही, हा मोठा फायदा. दुसरं अमरावतीचं बेलोरा एअरपोर्ट, एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं, अलायन्स एअरचं मुंबईचं विमान येतं पण रोज नाही, वेळापत्रक पाहूनच ठरवा. नेर-दारव्ह्याकडच्या माणसाला बेलोरा जवळ पडतं. पण तिथं येणारं विमान एटीआर म्हणजे छोटं, पंख्याचं. त्याला पायऱ्या चढूनच आत जावं लागतं आणि दरवाजा मागच्या बाजूला असतो. पेशंट चार-सहा पायऱ्या चढू शकत असेल तर ठीक, आणि मग सीट मागची घ्या म्हणजे आत गेल्यावर चालायला कमी. चढताच येत नसेल तर उचलून चढवायची काय सोय आहे ते तिकीट काढायच्या आधी फोन करून विचारा, तिथं गेल्यावर नाही.

पायऱ्यांचा नियम इथंच सांगून टाकते, फिजिओथेरपीवाला शिकवतोच पण ऐन वेळी विसरतात. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय. सोबतचा माणूस चढताना मागं उभा राहतो, उतरताना पुढं.

फ्लाइट थेट घ्या. मधे कुठं बदलायची असली तर दोन हजार वाचतील पण चढउतार दुप्पट होईल. वेळ कोणती घ्यायची ते ऋतू पाहून ठरवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी नागपूरला उतरलात तर बाहेर ४५ डिग्री, गाडीची सीट तव्यासारखी, पेशंटला भोवळ येणार, म्हणून सकाळची पहिली. डिसेंबर-जानेवारीत मात्र अगदी पहाटेची नको, धुक्यानं लेट झाली तर दोन-तीन तास त्या खुर्चीत बसून राहावं लागतं. पावसाळ्यात दिवसाउजेडी गावात पोचाल अशी घ्या, नाल्यावरून पाणी असलं तर रात्री काय करणार.

तिकीट काढताना

तिकिटासोबतच व्हीलचेअर मागायची, अ‍ॅपमध्ये ऑप्शन असतो नाहीतर कस्टमर केअरला फोन. निघायच्या निदान ४८ तास आधी सांगून ठेवा. आधी सांगितलेल्या व्हीलचेअरचे पैसे लागत नाहीत, कोणी एजंट मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. व्हीलचेअर मागताना ते तीन प्रकार विचारतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढू शकतो पण लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत पण विमानात आत सीटपर्यंत चालतो. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही न्यावं लागतं, त्यांच्यासाठी विमानात मावेल अशी अरुंद खुर्ची आणतात. नवीन ऑपरेशनवाल्या बहुतेकांना दुसरा प्रकार लागू पडतो. "बस हो, चालतात त्या" असं लाजेखातर सांगू नका, मग पुण्या-मुंबईत बसनं विमानापर्यंत नेतात आणि समोर शिडी उभी. प्रकार नीट सांगितला असेल तर अ‍ॅम्ब्युलिफ्ट येते, म्हणजे अख्खी केबिन वर उचलणारी गाडी, त्यातून थेट विमानाच्या दारात.

सीट कोणती, हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारतात. नागपूरला येणारी बरीच विमानं तीन-तीन सीटची असतात, पुढं तोंड करून बसलं की डाव्या हाताला ए, बी, सी आणि उजव्या हाताला डी, ई, एफ. मधून जायची वाट. उजव्या खुब्याचं ऑपरेशन असेल तर सी घ्या, म्हणजे उजवा पाय वाटेच्या बाजूला येतो, थोडा लांब करता येतो. डाव्या खुब्याचं असेल तर डी. पुढच्या रांगांत घ्या, चालायला कमी. अगदी पहिल्या रांगेत जागा मोठी असते पण तिथल्या सीटचे हात (हात टेकवायचे दांडे) बहुतेक फिक्स असतात, वर होत नाहीत, त्यामुळे बसताना-उठताना अडचण. इमर्जन्सी दरवाजाजवळच्या सीटवर पाय पसरायला जागा दिसते पण तिथं असा पेशंट बसू देतच नाहीत, ते पैसे फुकट घालवू नका. कधी कधी एअरलाइनवाले म्हणतात व्हीलचेअरच्या पॅसेंजरनं खिडकीला बसायचं, तसा त्यांचा नियम असेल तर वाद घालून उपयोग नाही, म्हणून हेही आधीच विचारून घ्यायचं. सोबतच्या माणसाची सीट अगदी लागून.

कागद आणि पिशवी

नुकतंच ऑपरेशन झालेल्या पॅसेंजरला डॉक्टरचं "फिट टू फ्लाय" सर्टिफिकेट लागतं. काही एअरलाइन्सचा स्वतःचा फॉर्म असतो, मेडिफ म्हणतात, तो त्यांच्या वेबसाइटवरून काढून डॉक्टरकडून भरून आधी पाठवावा लागतो. सर्टिफिकेट प्रवासाच्या जवळच्या तारखेचं हवं, डिस्चार्जच्या दिवशी घेऊन ठेवलेलं चालेलच असं नाही. त्यावर ऑपरेशन कोणतं, कधी झालं, अमुक तारखेला विमानानं जायला हरकत नाही, सोबत माणूस हवा, एवढं सही-शिक्क्यासह असावं. आधारकार्ड ओरिजिनल घ्या, आणि तिकिटावरचं नाव आधारशी जुळतंय का बघा, आपल्याकडे म्हाताऱ्या बायकांच्या आधारवर माहेरचं एक आणि सासरचं एक असा घोळ असतोच. डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रेचा फोटो मोबाइलमध्ये आणि झेरॉक्स हातातल्या पिशवीत.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत टाकून देऊ नका. रक्त पातळ करायची भरलेली सिरिंज असेल तर चिठ्ठीसोबत, इन्सुलिनही तसंच. शिवाय एक टणक फोमची उशी, तीन-चार इंच जाडीची, ही गोष्ट या सगळ्या प्रवासात सगळ्यात कामाची. विमानाची सीट, गाडीची सीट, वेटिंगमधली खुर्ची, सगळ्या बुटक्या. नियम असा की गुडघा खुब्यापेक्षा वर गेला नाही पाहिजे, म्हणजे खुबा ९० डिग्रीच्या पलीकडे दुमडला नाही पाहिजे, आणि ही उशी खाली घातली की ते आपोआप जमतं. कापसाची मऊ उशी नको, ती दबून जाते. एक मोठी प्लास्टिकची थैलीही घ्या, ती कशाला ते पुढं सांगते.

कपडे सैल. लुगडं, नऊवारी घालून प्रवास करायचा हट्ट असेल तर समजावून गाउन किंवा सलवार घालायला लावा, संडासात गेल्यावर तुम्हीच माझं नाव घ्याल. पायात मागं पट्टा असलेली वेल्क्रोची सँडल, कारण स्लीपर सटकते आणि बूट वाकून घालता येत नाही. लांब मोजे डॉक्टरनं सांगितले असतील तर सकाळी अंथरुणातच, पाय सुजायच्या आधी चढवा आणि वरची किनार दुमडून ठेवू नका, तिथंच आवळतं. वॉकरला नाव आणि मोबाइल नंबरची चिठ्ठी चिकटवा. वॉकर सामानाच्या वजनात धरत नाहीत.

एअरपोर्टवर

दोन-अडीच तास आधी पोचा. काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो आणि व्हीलचेअर यायला वेळ लागू शकतो. आमची खुर्ची यायला इतका उशीर लागला की नणंदबाई तिथंच भांडायला उभ्या राहिल्या, पण भांडून उपयोग काय, लवकर जाणं आपल्या हातात. गेटवरच सांगायचं की व्हीलचेअर बुक आहे. खुर्ची ढकलणारे दादा लोक चांगले असतात, पण त्यांना रोज पन्नास माणसं असतात, आपल्या पेशंटचा कोणता पाय हे त्यांना माहीत नसतं. पहिल्याच मिनिटाला सांगा: "दादा, उजवा पाय ऑपरेशनचा आहे, पाय ठेवायची पट्टी आधी बाजूला करा, माणूस बसल्यावर लावा." पट्टी तशीच ठेवून बसवायला गेले की पाय अडकतो. काम झाल्यावर चहापाण्याला द्यायचे की नाही ते तुमच्या मनावर, सक्ती कोणाची नाही.

सिक्युरिटीत मशीन बहुतेक वाजणार. खुब्यात धातू आहे, घाबरायचं नाही. सीआयएसएफच्या (तिथं तपासणी करणाऱ्या सुरक्षा दलाच्या) माणसाला आधीच सांगा की ऑपरेशन झालंय, आत सांधा बसवलाय. कार्ड किंवा एक्स-रे दाखवला की तपासणी न करता सोडतात असं नाही, हातातल्या मशीननं आणि हातानं तपासतातच, बायकांना पडद्याआड महिला पोलीस तपासते. आमच्या सासूबाईंना वाटलं काही चोरीचा आळ आला, म्हणून पेशंटला घरूनच सांगून ठेवा की असं होणार आहे. उभं राहता येत नसेल तर बसूनच तपासा म्हणा, तपासतात. जखमेवरच्या पट्टीच्या जागी दाबू नका हे मात्र मोठ्यानं सांगायचं.

नंतर गेटवर बसायच्या आधी संडास उरकून घ्या. एअरपोर्टवर दिव्यांगांसाठीचं मोठं टॉयलेट असतं, धरायला दांडे, कमोड जरा उंच. विमानातलं टॉयलेट म्हणजे कपाट, तिथं वॉकर तर सोडा दोन माणसंही मावत नाहीत. पण म्हणून पाणीच प्यायचं नाही हे चुकीचं. आपल्या म्हाताऱ्या माणसांची ही जुनी सवय, प्रवास म्हटला की आदल्या रात्रीपासून पाणी बंद, "मंग लघवीले कुठी जाऊ?" पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं, म्हणजे गुठळीला आवतण. थोडं थोडं प्यायचं, चहाच्या नादी लागायचं नाही, आणि गरज वाटली तर डायपर घालायला काहीच हरकत नाही, कोणाला दिसत नाही. खाणं हलकं, आदल्या रात्री वाल-हरभरे नको कारण वर गेल्यावर पोटातला वायू फुगतो. दुखण्याच्या गोळ्यांनी बहुतेकांचं पोट साफ होत नाही, त्याची सोय दोन दिवस आधीपासून करा. दुखण्याची गोळी डॉक्टरला विचारून विमानात बसायच्या तासभर आधी, म्हणजे उठबशीच्या वेळी असर असतो.

विमानात बसणं

व्हीलचेअरवाल्यांना आधी आत नेतात आणि उतरवताना शेवटी. उतरताना लोक उठले की आपणही उठायची घाई करायची नाही, सगळे जाऊ द्या.

सीटवर बसवायची रीत अशी. वाटेच्या बाजूचा जो सीटचा हात असतो तो बहुतेक जणांना वाटतं वर होतच नाही. होतो. त्याच्या खालच्या बाजूला, मागं जिथं तो पाठीला जोडलेला असतो तिथं, बोटानं चाचपलं की एक छोटं बटण किंवा खिट्टी लागते, ती दाबून हात वर उचलायचा. सापडलं नाही तर एअर होस्टेसला सांगा, ती करून देते. हात वर झाला की पेशंटला सीटकडे पाठ करून उभं करायचं, उशी आधीच ठेवलेली, ऑपरेशनचा पाय जरा पुढं, दोन्ही हातांनी सीटची कड आणि पाठ धरून हळूच टेकायचं, मग मागं सरकायचं आणि कंबर-पाय एकदम, अख्खं शरीर एकत्र वळवायचं. नुसती कंबर वळली आणि पाय तिथंच राहिला असं नको, आत वळलेल्या पायातच सांधा निखळतो. "आई, आधी मागं सरका, मग वळा," एवढं एकच वाक्य म्हणत राहायचं, दहा सूचना दिल्या की माणूस गोंधळतो. समोरची सीट ओढून उठायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली पडलेली वस्तू वाकून उचलायची नाही. पायाशी बॅग ठेवू नका, ती जागा पायाला हवी.

टेकऑफ आणि लँडिंगला पाय आत, मधे वाटेकडे थोडा लांब करता येतो, पण खाण्याची ट्रॉली आली की आत घ्यायचा, तिचा कोपरा लागला तर पेशंट ओरडेल आणि तुम्हीही. पट्ट्याची खूण विझली की घोटे वरखाली करायला लावा, दर अर्ध्या तासाला दहा-पंधरा वेळा, मोबाइलवर गजर लावून ठेवा. एकदा तरी धरून उभं करा, पाच-सात पावलं वाटेत चालवा, डॉक्टरनं चालायची परवानगी दिली असेल तर.

नागपूर ते गाव

उतरल्यावर व्हीलचेअर गाडीपर्यंत बाहेर येते, सामानाच्या पट्ट्यावर सोडून जाऊ देऊ नका. गाडी आधी ठरवलेली हवी. डिझायरसारखी बुटकी गाडी नको, बसताना खुबा फार दुमडतो. बोलेरो उंच, चढता येत नाही. एर्टिगा-इनोव्हासारखी मधल्या उंचीची बरी. ड्रायव्हरच्या शेजारची पुढची सीट पूर्ण मागं सरकवून पाठ जरा तिरपी करा. गाडी फुटपाथला अगदी चिकटवून लावू नका, फुटपाथवरून बसलं की सीट आणखी खाली जाते.

आता ती प्लास्टिकची थैली. सीटवर उशी, उशीवर थैली. पेशंट गाडीकडे पाठ करून आधी बूड टेकतो, मागं सरकतो, आणि मग प्लास्टिकवरून अलगद फिरतो, पाय दोन्ही जोडीनं आत. कापडावर बूड अडकतं आणि माणूस कंबर मुरडतो, प्लास्टिकवर ते होत नाही. बसल्यावर थैली काढून घ्या नाहीतर ब्रेक लागला की पुढं घसरतील. बेल्ट लावा.

यवतमाळकडच्यांनी बुटीबोरीहून वर्धा, देवळी, कळंब असा रस्ता धरला तर रोड चांगला आहे, आणि दर तासाला थांबता येईल अशी गावं मधे लागतात. समृद्धीवरून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, रस्ता गुळगुळीत पण थांबायच्या जागा मोजक्या, त्यामुळे चढायच्या आधीच टॉयलेट उरकून घ्या. दर तासाला गाडी थांबवून पेशंटला उभं करायचं, दोन मिनिटं का होईना. "झोप लागली, राहू द्या" असं म्हणून सलग तीन तास झोपू देऊ नका. ड्रायव्हरला सांगा की स्पीडब्रेकरवर आणि गावच्या फाट्यावरून आत वळल्यावर बैलगाडीच्या चालीनं चल.

प्रवासात किंवा नंतरच्या दिवसांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर गावाचा विचार सोडा, १०८ ला फोन करा किंवा सरळ जवळचं मोठं हॉस्पिटल, वर्धेजवळ असाल तर सेवाग्राम-सावंगी. खुब्यात कडकन आवाज येऊन पाय आखूड दिसायला लागला किंवा पाऊल वाकडं फिरलं तर सांधा निखळला असं समजा, पाय ओढायचा नाही, उभं करायचं नाही, झोपवूनच न्यायचं.

घर

हे पेशंट निघायच्या आधी झालेलं पाहिजे, म्हणून गावात राहणाऱ्याला कामाला लावा. बाज चालत नाही, मधे झोळ पडतो. दिवाण किंवा लोखंडी पलंग, बुटका असेल तर पायांखाली विटा. संडास इंडियन असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची यवतमाळ-नागपूरच्या सर्जिकल दुकानात मिळते, भांडं काढून थेट वर ठेवता येते. संडास सांदवाडीत (घरामागच्या वाडीत) असेल तर रात्रीपुरती ती खुर्ची भांड्यासकट खोलीतच. अंगणात शेणाचा सडा ओला असताना चालवू नका. पाटावर बसून जेवण, देवापुढं खाली बसून पूजा, ओट्यावर उकिडवं बसून गप्पा, हे सगळं डॉक्टर म्हणेपर्यंत बंद, आणि देवानं खुर्चीवरची पूजा नाकारल्याचं अजून ऐकलं नाही.

भेटायला येणाऱ्यांचा एक वेगळाच प्रकार आहे. प्रत्येकजण एक तेल सुचवतो, कोणी म्हणतो अमक्या गावचा मालिशवाला लय भारी, शीर मोकळी करून देतो. या माणसाला पायाला हात लावू देऊ नका. पोटरीत गुठळी असेल तर मालिशनं ती सुटून वर जाऊ शकते, आणि नवा सांधा ओढाताणीत निखळतो. सासऱ्यांच्या एका दोस्तानं तर माणूस घेऊनच यायची तयारी केली होती, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

शेवटचं काम हॉस्पिटल सोडायच्या आधीच करून घ्यायचं. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांत निघतात, ते काढून निघायचं की इकडे काढायचे, आणि पुढचे एक्स-रे यवतमाळ किंवा सेवाग्रामला काढून व्हॉट्सअपवर पाठवले तर चालतील का, हे सर्जनला विचारून त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. बरेच डॉक्टर हो म्हणतात. विचारलं नाही तर महिना-दीड महिन्यानं पाच मिनिटांच्या तपासणीसाठी परत तेवढाच प्रवास, परत तेवढाच खर्च.